बोटाचं वजन

तक्त्यावर लिहिलंय : सोमवार. जड आणि हलकं.
साहित्य : तराजू.
तराजू काही आला नाही वरून.
मग मी घरचा एक हँगर आणला,
त्याला दोन करवंट्या बांधल्या;
सुतळी कोकिळाबाईंनी दिली, तुरीच्या पोत्याची,
अजून डाळीचा वास होता तिला.
खिळा भिंतीत होताच,
कधीच्या तरी कॅलेंडरचा.

अनेरच्या काठावर पत्र्याची एक खोली,
एकोणीस मुलं.
वेचणीचे दिवस, त्यामुळे
कुणाच्या केसांत कापूस, कुणाच्या स्वेटरला कापूस.
भाविकाच्या तर कानात निघाला.
साहित्य असं स्वतःच्या पायांनी येतं आमच्याकडे.

शुक्रवारी भेंडी कापून ठसे उमटवले होते,
हळदीत बुडवून, जुन्या वर्तमानपत्रावर.
फुलाला पाकळ्या पाच, असं मी शिकवत असताना
ललितच्या भेंडीला सहा निघाल्या.
त्यानं बोट ठेवून ठेवून मोजल्या, दोनदा,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की चूक माझीच.
भेंडीची नाही.

तर सोमवार.
एका करवंटीत कापूस भरला, मावेना इतका,
दुसरीत सरकीच्या बिया.
‘‘कोण जड?’’
सगळ्यांचे हात कापसाकडे. मोठा दिसतो ना.
आणि हँगर कलला बियांकडे.
दोन क्षण कुणीच बोललं नाही.
मग एकच गलका.

तेवढ्यात दुर्वेश उठला.
सहा महिन्यांनी शाळेत जाईल, पुढचे दात पडलेत.
आला, आणि कापसाच्या करवंटीवर
हळूच करंगळी टेकवली.
कापूस खाली.
मी म्हटलं, ‘‘अरे, बोट काढ.’’
तो म्हणाला, ‘‘बाई, आसंच मोजतस.’’
निरागस. जसं कुणी म्हणावं,
पाणी वरून खाली जातं.

त्याचा बाप कापूस घेणाऱ्याच्या टेम्पोवर असतो.
काटा लावतो.
तक्त्यात या बोटासाठी रकाना नव्हता.
कोकिळाबाई दारात उभ्या राहिल्या,
हातात खिचडीचा झारा,
खिचडी लागल्याचा वास आला तरी हलल्या नाहीत.
त्यांचा कापूस कालच गेला होता.

मी काय बोलले असते, ठाऊक नाही.
बोलली रुमली.
म्हणजे बोललीही नाही.
सातपुड्यातून आलेली, पावरी बोलणारी,
दोन महिने झाले, तोंड उघडलं नव्हतं तिनं.
ती उठली, दुर्वेशचं बोट धरलं,
होतं तिथंच ठेवलं, तसंच,
आणि समोरच्या करवंटीत टाकत गेली सरकी.
एक.
अजून एक.
मुलं मोजायला लागली, कुणी मराठीत, कुणी अहिराणीत,
आणि अकरानंतर तेरा म्हणणारेही होतेच.
दुर्वेश दम धरून उभा,
बोट थरथरतंय, करवंटी डुलतेय,
जोर वाढवला की रुमली अजून टाकते.
एकतिसाव्या बीला हँगर सरळ झाला.

‘‘बोट कितलं भारी शे?’’ भाविकानं विचारलं.
‘‘एकतीस!’’
फळ्यावर मी लिहिलं ३१.
या खोलीत वीसच्या पुढचा आकडा
पहिल्यांदाच कशाचा तरी झाला होता.

मग काही थांबेना.
ललितचं नाक मोजायचं. माझी बांगडी.
फुंकर मोजली, करवंटी हलली, पण मोजता येईना.
कुणी दारातल्या उन्हात हँगर नेला,
सावली टाकली एका बाजूला,
खूप वेळ वाट पाहिली.
सावलीला वजन नाही, असं ठरलं, हात वर करून.

रजिस्टरमध्ये मी ‘उपक्रम पूर्ण’ लिहिलं.
दुर्वेशला आणायला संध्याकाळी बाप आला.
पोरानं भिंतीकडे हात केला :
‘‘पप्पा, तुमनं बोट आठे ठेवा,
रुमली सांगी किती ते.’’

तो हसला. खिशातून हात काही काढला नाही त्यानं.
रुमली मूठ मिटून उभी होती खिळ्याजवळ.
मुठीत सरकी.